मोंबासाला शिकवायला जाताय? आधी सलाम शिका

गेल्या वर्षभरात तिघींनी मला फोन करून एकच विचारलं, ताई केनियात टीचरची नोकरी मिळतेय, जाऊ का. तिघी आपल्याच चर्चच्या मंडळीतल्या, आणि तिघींच्याही बोलण्यात "पगार पण आणि सेवा पण" असं आलंच. मीही तेच म्हणत गेले होते, म्हणून आता सविस्तर लिहिते.

मी नाशिकची, शरणपूर भागात वाढलेली, बीएड झालेली, सायन्स शिकवते. केनियाच्या किनाऱ्यावरच्या मोंबासा शहरात एका खासगी शाळेत ३ वर्षं काढली.

कागदपत्रांचं पटकन सांगून टाकते. ईटीएवर, म्हणजे प्रवाशांच्या ऑनलाइन परवानगीवर, प्रवासी म्हणून जा, परमिट मागून होईल, असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. मला एका एजंटने असंच सांगितलं होतं, पैसेही घेतले, त्यात माझे ५ महिने गेले. वर्क परमिट शाळेने काढून द्यायचं असतं, आणि तिथल्या टीचर्स सर्व्हिस कमिशनकडे नोंदणी लागते, खासगी शाळेतसुद्धा. पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान १० दिवस आधी घ्या आणि ते कार्ड जपून ठेवा, परत भारतात उतरताना मागतात. किनारपट्टीला मलेरिया आहे, मच्छरदाणीत झोपायचं म्हणजे झोपायचंच. सिम घेतलं की एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरून पैसे द्यायची सोय, चालू करून घ्या, २००७पासून आहे ते, भाजीवाल्या मामापासून चर्चच्या अर्पणापर्यंत सगळं त्यावर चालतं. मामा म्हणजे तिकडे आई बरं का, वयाने मोठ्या कुठल्याही बाईला मामाच म्हणायचं, पहिले काही दिवस जीभ वळत नाही.

आता खरं सांगायचं ते. पहिल्या आठवड्यात मी लॅबची चावी मागायला वॉचमनकाकांकडे गेले आणि गेल्या गेल्या म्हटलं, लॅब की प्लीज. ते उठले, चावी हातात घेतली, पण दिली नाही, माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "हबारी या असुबुही, म्वालिमू." म्हणजे सकाळची काय खबर, बाई. मी घाईत परत की म्हटलं. त्यांनी परत तेच विचारलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी "न्झुरी" म्हटलं, बरं आहे, आणि त्यांचंही विचारलं, तेव्हा चावी मिळाली, वर हसूही मिळालं. त्यांना माझा राग आला नव्हता, माणसाशी बोलणं जिथून सुरू होतं तिथून त्यांनी ते सुरू केलं, एवढंच. तिकडे आधी रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत हे विचारायचं आणि मग काम. वडीलधारं कोणी दिसलं की "शिकामू" म्हणायचं, ते "मराहाबा" म्हणतात. आणि अभिवादनाला स्वाहिलीत शब्द काय तर सलामू! आपण ख्रिस्ती लोक घराघरात सलाम म्हणत मोठे झालो आणि तो करायचा कसा हे मला वॉचमनकाकांनी शिकवलं, याचं मला अजून नवल वाटतं.

भाषेला घाबरू नका. दुकान म्हणजे दुका, पैसा म्हणजे पेसा, गाडी म्हणजे गारी, आंबा म्हणजे एम्बे, साबण साबुनी, हिशोब हेसाबू, लाख म्हणजे लाकी. शेकडो वर्षं या समुद्रावरून जहाजं ये-जा करत होती, त्यांच्याबरोबर शब्दही गेले. नाश्त्याला माहाम्री आणि म्बाझी खाल्लं की कळेल, माहाम्री म्हणजे तळलेले फुगीर गोडसर पाव आणि म्बाझी म्हणजे नारळाच्या दुधातली तूर, मला तर कोकणातल्या मैत्रिणीचं घरच आठवलं.

घोळ होतो तो वेळेचा. स्वाहिली घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं, सकाळी ७ म्हणजे सा मोजा, पहिला तास. मी नुकतेच आकडे शिकलेले, चर्चमध्ये अनाउन्समेंट ऐकली की शनिवारी बायकांची प्रार्थना सा कुमी, कुमी म्हणजे दहा, म्हणून मी सकाळी १०ला नटूनथटून हजर. सा कुमी म्हणजे दुपारचे ४! चर्चला कुलूप, अंगण झाडणाऱ्या एक आजी तेवढ्या होत्या. त्यांनी मला परत जाऊ दिलं नाही, शेजारच्या घरातून चहा आणला, माहाम्री आणली, आणि आम्ही आंब्याखाली बसलो, माझं मोडकं स्वाहिली आणि त्यांचं बऱ्यापैकी इंग्रजी. त्यांनी विचारलं कुठली तू. मी म्हटलं इंडिया. इंडियात कुठे. मी म्हटलं बॉम्बेजवळ, नाशिक म्हणून गाव आहे, तुम्हाला माहीत नसेल.

आजींनी कप खाली ठेवला. "नासिक?" म्हणाल्या, "माझ्या आजोबांचे वडील नासिकला शिकले."

मला शरणपूरचा इतिहास थोडाफार माहीत होता, पण दगडी चर्च आणि मिशन एवढाच. १९व्या शतकात ब्रिटिश नौदल समुद्रात गुलामांची जहाजं पकडायचं, सुटलेल्या आफ्रिकन मुलांना मुंबईला आणायचं, आणि त्यातली कितीतरी मुलं चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या आश्रमात वाढली, सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. १८७३मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचा देह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत चालत आणणाऱ्यांमध्ये जेकब वेनराइट होता, तो नाशिकचा विद्यार्थी. पुढे १८७५च्या सुमारास मोंबासा बेटासमोर फ्रीअरटाऊन वसवलं, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या नावाने, तेव्हा सुटलेल्या गुलामांना शिकवायला, वस्ती उभी करायला इथून जी आफ्रिकन माणसं गेली त्यांना बॉम्बे आफ्रिकन्स म्हणतात. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर त्यांच्यातलेच, १८८५मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी दोघांना चर्चच्या सेवकपदाची दीक्षा दिली. गुलामांचे व्यापारी आले की इशारा द्यायला तिथे घंटा वाजवायचे, म्हणून त्या चौकाला केंगेलेनी म्हणतात, घंटेपाशी.

म्हणजे बघा, मी "सेवा करायला" ज्या मंडळीत गेले ती उभी करायला लागलेले हात माझ्याच गावात तयार झाले होते, आणि ते हात त्यांचे होते, माझे नव्हते. आपल्याकडे मिशनचा इतिहास सांगताना गोरे साहेब येतात, आपले पाळक येतात, ही मुलं कुठेच येत नाहीत. मी शरणपूरमध्ये वाढले आणि मला त्यांच्यातलं एकही नाव माहीत नव्हतं, याचं दुःख मला खरंच झालं.

अजून एक कडू गोष्ट, पण सांगायलाच हवी. तिथे आपली भारतीय माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, २०१७मध्ये केनिया सरकारने भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यताही दिली. त्यातल्या बऱ्याच जणांनी मला आधार दिला. पण पन्नाशीच्या माणसाला "बॉय" म्हणून हाक मारलेली मी आपल्या लोकांच्या तोंडून ऐकलीय. तुम्ही नवीन असाल, तुम्हाला जेवायला बोलावतील, तुम्हाला गप्प बसावंसं वाटेल. तुम्ही त्या माणसाचं नाव विचारा आणि नावाने हाक मारा.

दुसऱ्या वर्षी माझे वडील गेले. मी ठेचकाळले तरी तिकडे लोक "पोले" म्हणायचे, चूक त्यांची नसताना, आणि मला वाटायचं उगाच काय सॉरी. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या एका खोलीत वीसेक माणसं बसली होती, "पोले साना" म्हणून हात हातात घेऊन नुसती बसली होती, दारातले वॉचमनकाका, शाळेतल्या मुस्लिम सहकारी बायका, चर्चचे म्चुंगाजी म्हणजे पाळक. कोणी गाणं सुरू केलं, मग मला म्हणाले तुझ्या भाषेतलं म्हण, मी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन म्हटलं, रडत रडत, अर्धंच. निघताना आजींनी पाकीट दिलं, तिकिटासाठी हारांबे केली होती, वर्गणी. त्यात ५० शिलिंगच्या नोटा होत्या. मला पगार त्या सगळ्यांपेक्षा जास्त होता आणि ते त्यांना माहीत होतं.

नाशिकहून परतताना मी मोबाईलमध्ये शरणपूरच्या चर्चचे फोटो नेले. आजींनी ते बोटाने मोठे मोठे करून पाहिले, भिंत, खिडकी, दार, मग विचारलं, ते या दाराने आत जायचे का? मग माझं उत्तर यायच्या आधीच त्यांनी दारावर अंगठा ठेवला आणि डोळे मिटले.