जुनी ऐरण: पारखायची कशी आणि माथा न बिघडवता दुरुस्त कशी करायची

भंगाराच्या दुकानात ऐरण दिसली की नजर आधी गंजावर जाते. गंज निघतो. माथ्याचं, म्हणजे ज्यावर ठोकायचं त्या वरच्या सपाट भागाचं, पोलाद एकदा गेलं की परत येत नाही, म्हणून तपासणी माथ्यापासूनच सुरू करा. सोबत २५ मिमीच्या आसपासची बेअरिंगची गोळी, ३०० मिमीची स्टीलची पट्टी, लहान हातोडी आणि सँडपेपरचा तुकडा न्या.

१. गोळी टाकून पाहा

माथ्यावर रुपयाएवढी जागा घासून चकचकीत करा. गंजाच्या थरावर गोळी खोटं सांगते. पट्टी उभी धरून २५० मिमीवरून गोळी सोडा. ती २०० मिमीपर्यंत उसळली तर माथा उत्तम, १७५ ला आली तरी घ्यायला हरकत नाही. १२५ च्या खाली राहिली तर ती ऐरण फक्त शोभेची.

हीच चाचणी माथाभर दर तीन-चार सेंटीमीटरवर करा. भोकांजवळ उसळी थोडी कमी येते, ते स्वाभाविक आहे. पण मधल्या एखाद्याच जागी गोळी मरत असेल, तर तिथं माथ्यावर जोडलेला पोलादी पाट (जाड पत्रा) खालच्या अंगापासून सुटलेला असू शकतो. सगळीकडेच मरत असेल तर ऐरण निव्वळ बिडाची (ठिसूळ ओतीव लोखंडाची) तरी आहे किंवा कधीतरी आगीत सापडून तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं आहे.

मग हातोडीने हलकेच टकटक करा. घडीव लोखंडाची ऐरण घंटेसारखी वाजते. बद्द आवाज आला तर तडा शोधा. मात्र आवाजावरून निकाल लावू नका. अमेरिकेतल्या ट्रेंटनच्या फिशर कंपनीच्या ऐरणींत पोलादी माथ्याला बिडाचं अंग ओतून जोडलेलं असे. त्या वाजत नाहीत, पण गोळी छान उसळवतात.

२. अंग कशाचं आहे ते ओळखा

माथ्याच्या कडेखाली १०–१२ मिमीवर आडवी बारीक रेघ दिसली तर वर पोलादी पाट, खाली घडीव लोखंड, अशी जुनी जोडणी आहे. कमरेवर आणि बुडाला चौकोनी खड्डे असतील तर तेही घडीवपणाचं लक्षण: घडवताना जड ऐरण उचलायला त्यांत सळया घालत. साच्याची उभी शिवण दिसली तर ऐरण ओतीव, पण ती बीडही असेल आणि पोलादही. अशा वेळी बुडाच्या कोपऱ्याला क्षणभर ग्राइंडर टेकवा. बिडाच्या ठिणग्या आखूड, लालसर आणि मंद. पोलादाच्या लांब, उजळ आणि टोकाला फुटणाऱ्या.

गावाकडच्या लोहाराची ऐरण बहुधा शिंग (एका टोकाचा निमुळता भाग) नसलेला, लाकडात रोवलेला चौकोनी ठोकळा असते. तिच्यावर छाप शोधत बसू नका, गोळीची चाचणी पुरे.

३. छाप आणि वजन वाचा

अंगाच्या बाजूवर खडू घासा आणि बॅटरीचा उजेड तिरका पाडा. पीटर राइट किंवा शेफील्डच्या माउसहोलसारख्या इंग्रजी ऐरणीवर तीन आकडे मिळतात. पहिल्याला ११२ ने गुणायचं, दुसऱ्याला २८ ने, तिसरा जसाच्या तसा. बेरीज येते पौंडांत. १·२·१४ म्हणजे ११२ + ५६ + १४ = १८२ पौंड, सुमारे ८२.५ किलो. दुसरा आकडा ३ च्या वर आणि तिसरा २७ च्या वर जाऊच शकत नाही. तसं वाचलंत तर पुन्हा बघा.

आता ऐरण काट्यावर चढवा. छापापेक्षा वजन बरंच कमी भरलं तर कुणीतरी माथा मशीनवर तासून सपाट केला असण्याची शक्यता मोठी. अशी ऐरण दिसायला सगळ्यांत देखणी असते, आणि नेमकी तीच फसवते.

४. गंज काढा

जाड पापुद्रे हातोडीने हलके ठोकून पाडा, रात्रभर रॉकेलचा बोळा ठेवा, मग ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून घासा. चष्मा आणि तोंडावर ढाल हवीच; ब्रशच्या तारा सुटून उडतात. जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, मास्क लावा.

बाथरूमचं अ‍ॅसिड वापरू नका. ते पाट आणि अंग यांच्यामधल्या फटीत शिरून आतून खात राहतं, शिवाय कडक पोलाद ठिसूळ होतं. आगीत तापवून गंज झाडणं तर सरळ घातक: २०० अंशांच्या पुढे माथ्याचं पाणी उतरू लागतं.

५. माथा सोडा, कडा सांभाळा

दोन-तीन मिमीचा खोलगट भाग दोष नाही. वाकलेली सळई सरळ करायला तो उलट सोयीचा. मुळात पाट जेमतेम बोटभर जाड. त्यातला एक मिमी तासला की उसळी आणि आयुष्य दोन्ही घटतं. माथ्यावरचे उंचवटे तेवढे ८० ग्रेडच्या फ्लॅप डिस्कने उतरवा.

तुटक्या कडा गोल करा: शिंगाकडे सुमारे ६ मिमी गोलाई, शेपटीकडे (शिंगाच्या विरुद्ध टोकाकडे) जाताना ३ पर्यंत. धारदार कड कामात चीर पाडते आणि स्वतःही पुन्हा टवका टाकते. ग्राइंडर सतत हलता ठेवा, हात लावता येईल इतकीच उष्णता होऊ द्या. पिवळसर छटा दिसली म्हणजे उशीर झाला.

मोठा टवका वेल्डिंगने भरायचाच असेल तर आधी ऐरण सुमारे २०० अंशांपर्यंत सावकाश तापवावी लागते आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत हळूहळू निववावी लागते. गार ऐरणीवर थेट रॉड चालवला की शेजारचं पोलाद काचेइतकं ठिसूळ होऊन पुढच्या घावांत मोठा तुकडा निघतो. नेहमीच्या ७०१८ वेल्डिंग रॉडचा थर मऊ राहतो, म्हणून वरचे थर हार्डफेसिंग (कडक थर देणाऱ्या) रॉडचे. सराव नसेल तर टवका आहे तसा ठेवा. ८–१० सेंटीमीटर चांगली कड बहुतेक कामांना पुरते.

६. बसवणी

बाभळीचा किंवा चिंचेचा ओंडका घ्या, लाकडाच्या रेषा उभ्या राहतील असा. सरळ उभं राहून मूठ खाली सोडल्यावर बोटांचे सांधे टेकतील तिथं माथा आला पाहिजे. बुडाखाली सिलिकॉनचा थर आणि कमरेला घट्ट साखळी घातली की कानठळ्या बसवणारा नाद बराच कमी होतो.

शेवटी ऐरण उन्हात कोमट करून उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवा. तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकते, पसरून वाळवा. माथ्याला रंग नको. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, काम संपलं की दर वेळी माथ्यावर तेलाचा हात हवा.