जेनोवा एका दिवसात पायी कसं बघायचं

पहिली गोष्ट, हे इटलीतलं जेनोवा आहे, जिनिव्हा नव्हे. हसू नका, मी जाऊन आलो तरी आमच्या घरातले अजून 'स्वित्झर्लंड कसं होतं' विचारतात. इटालियनमध्ये जिनिव्हाला जिनेव्रा म्हणतात, त्यामुळे ट्रेनचं तिकीट काढताना नाव दोनदा वाचा. मिलानहून साधारण दीड-दोन तास लागतात. रिजनल ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मजवळच्या मशीनमध्ये पंच करायचं, नाहीतर तिकीट असून दंड.

उतरायचं पियात्सा प्रिंचिपे स्टेशनला. आणि बॅग? चाकांची मोठी बॅग घेऊन जुन्या शहरात शिरू नका. मी शिरलो होतो. तिथल्या बोळांना कारुज्जी म्हणतात, काही इतके अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागतात, त्यात भर फरशी आणि पायऱ्यांची, सगळ्या गल्लीला कळलं पाहुणा आला म्हणून. हॉटेल मोठ्या रस्त्यालगतचंच घ्या.

आता खरी ट्रिक: आधी वर जायचं, मग खाली उतरत यायचं. शहर डोंगर आणि समुद्राच्या मधे चेपून बसलंय, खालून बघितलं तर काही कळत नाही. स्टेशनपासून व्हिया बाल्बीने (व्हिया म्हणजे रस्ता) चालत व्हिया गारिबाल्दीला या. इथले महाल म्हणजे रोल्ली. जेनोवा प्रजासत्ताक होतं तेव्हा राजेरजवाडे पाहुणे आले की ठेवायचे कुठे, तर श्रीमंतांच्या महालांची सरकारी यादीच होती, चिठ्ठी निघेल त्याच्या घरी पाहुणे! असे ४२ महाल २००६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. तुर्सी महालात प्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिन आहे, १७४३ चं, त्याला 'तोफ' म्हणायचे. सोमवारी जाऊ नका, म्युझियमं बंद असतात.

तिथून जवळच पोर्तेल्लो चौक, बोगद्यातून आत गेलं की कास्तेल्लेत्तोची जुनी लिफ्ट. वर आलात की खाली स्लेटची करडी छपरं, बंदर, क्रेन आणि लांब ७७ मीटर उंच लांतेर्ना दीपगृह, आत्ताचा मनोरा १५४३ चा. इथे पंधरा मिनिटं नुसतं बसा, कुठे काय आहे ते डोक्यात बसवून घ्या, कारण खाली बोळात मोबाईलचा मॅप वेड्यासारखा फिरतो.

अजून एक घोळ म्हणजे घरनंबर. दुकानांचे नंबर लाल आणि घरांचे काळे, दोन्हींची मोजणी वेगळी, त्यामुळे एकाच गल्लीत १२ नंबर दोनदा येतो. मी लाल १२ शोधत काळ्या १२ ची बेल वाजवली, वरून आजीबाईंनी न विचारताच हाताने 'पुढे, पुढे' केलं, म्हणजे मी पहिला नसणार.

खाली उतरून सान लोरेन्त्सो कॅथेड्रल. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं आहे, पण बघायचं ते आत उजवीकडे ठेवलेला तोफगोळा. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश नौदलाने मारा केला तेव्हा भिंत फोडून आत पडला आणि फुटलाच नाही.

मग बंदर. कोलंबसच्या सफरीला ५०० वर्षं झाली म्हणून १९९२ मध्ये वास्तुविशारद रेन्झो पियानोने (तोही इथलाच) जुनं बंदर नव्याने उभं केलं. मत्स्यालय लहान मुलं असतील तरच, महागही आहे आणि अर्धा दिवस खातं. त्यापेक्षा गलाता सागरी म्युझियम बघा, पूर्ण आकाराचं वल्ह्यांचं गलबत आहे आत.

पोटापाण्याचं आपल्या लोकांना इथे सोपं. सोत्तोरिपाच्या कमानींखाली फरिनाता मिळतो, म्हणजे चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं. आपलं बेसनाचं धिरडंच हो, फक्त मिरची-कोथिंबीर नाही! वर मिरपूड टाकून गरमच खा, गार झाला की चामडं. फोकाच्चा, म्हणजे तेल लावलेला चपटा पाव, वजनावर मिळतो, 'उन एत्तो' म्हणजे शंभर ग्रॅम. सकाळी लोक तो कपुचिनोत बुडवून खातात, मला नाही जमलं. पेस्तोत (बेसिलच्या पानांची इथली चटणी) चीज असतं, ते बहुधा वासराच्या पोटातल्या रेनेटवर (दूध घट्ट करणारं विरजणासारखं द्रव्य) केलेलं, कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

संध्याकाळी बसने बोक्कादास्से, कोळ्यांची जुनी वस्ती, रंगीत घरं, आईस्क्रीम घेऊन पाण्याशी बसायचं. पायात चांगलं काहीतरी घाला, तिथे वाळू नाही, सगळे गोटे आहेत.