ऑप-अँपला थेट स्पीकर जोडताय? या चुका टाळा

सर्किटच्या चित्रात ऑप-अँप (ऑपरेशनल अँप्लिफायर) हा त्रिकोण आणि ऑडिओ पॉवर अँप हाही त्रिकोणच. दोघांनाही प्लस-मायनस इनपुट, एक आउटपुट, वर-खाली सप्लाय. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसवायचा मोह होतो. चित्रात दिसत नाही तो फरक करंटचा. ऑप-अँपचं काम सिग्नलचं व्होल्टेज नेमकेपणानं हाताळायचं, पॉवर अँपचं काम तेच व्होल्टेज भरपूर करंटसकट स्पीकरला द्यायचं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ७४१ या ऑप-अँप आयसीच्या आउटपुटला थेट ८ ओहमचा स्पीकर. "याचा गेन तर दोन लाख आहे, मग आवाज का येत नाही?" हा प्रश्न ठरलेला. (गेन म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा.) गणित करून बघा. ७४१ फार तर २५ मिलिअँपिअरच्या आसपास देतो, तेही आउटपुट शॉर्ट झाल्यावर. ८ ओहममध्ये त्याचे होतात ०.२ व्होल्ट, म्हणजे अडीच मिलिवॅट. ८ ओहममध्ये एक वॅट हवा असेल तर करंटचा पीक अर्धा अँपिअर लागतो, वीसपट. गेन कितीही वाढवा, हा आकडा हलत नाही; आवाज फक्त आणखी फाटतो. शंका असेल तर स्पीकर काढून आउटपुट मोजा. तेव्हा व्होल्टेज व्यवस्थित दिसलं आणि स्पीकर लावताच बसलं, तर आयसी बदलून उपयोग नाही. पुढे एलएम३८६ किंवा टीडीए२०३० सारखा पॉवर अँप आयसी लावा. किंवा बीडी१३९-बीडी१४० या ट्रान्झिस्टरची जोडी बायससकट (सिग्नल नसतानाही थोडा करंट वाहता ठेवणाऱ्या जोडणीसकट) लावा. मात्र फीडबॅक (आउटपुटचा इनपुटला परत दिलेला भाग) ट्रान्झिस्टरच्या नंतरून घ्या, ऑप-अँपच्या पायावरून नको.

उलटी चूक जास्त महागात पडते. ऑप-अँप एक गेनचा बफर म्हणून (आलेलं व्होल्टेज तेवढंच पुढे देत) मजेत चालतो, मग टीडीए२०३० का नाही चालणार? आतून तोही ऑप-अँपसारखाच आहे की! आहे, पण त्याची आतली जुळणी कमी गेनसाठी केलेली नाही. डेटाशीट किमान २४ डीबी गेन मागते, म्हणजे साधारण १६ पट. एलएम१८७५ आणि एलएम३८८६ या पॉवर अँप आयसींना किमान १० पट हवा. त्याखाली गेलात की आयसी ऑसिलेट व्हायला (स्वतःहून सिग्नल निर्माण करायला) लागतो, आणि तेही कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर. गाणं बंद, इनपुट शॉर्ट केलेलं, तरी हीटसिंकला हात लावला की चटका बसतो. आवाज लावला तर त्याला एक बारीक खरखरीची किनार असते. ट्वीटर असेल तर तो गुपचूप जळतो. ऑसिलोस्कोप नसेल तर इनपुट शॉर्ट करून सप्लायचा करंट मोजा. डेटाशीटमधल्या क्विसेंट (सिग्नल नसतानाच्या) करंटपेक्षा तो कितीतरी जास्त निघाला तर संशय पक्का धरा.

उपाय साधा आहे. गेन तीसच्या आसपास ठेवा (फीडबॅकला २२ के आणि ६८० ओहम ही रेझिस्टरची नेहमीची जोडी) आणि आवाज कमी करायचा तो इनपुटच्या व्हॉल्यूम पॉटने. आउटपुटवरून १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरॅडची जोडी सिरीजमध्ये (एकापुढे एक) ग्राउंडला द्या. अनेक जण ती "नसली तरी चालतं" म्हणून गाळतात. सप्लायच्या पायांजवळ, अगदी चिकटून, ०.१ मायक्रोफॅरॅडचे कपॅसिटर हवेत. ब्रेडबोर्डवर लांब वायरी टाकून हा आयसी शांत राहील अशी अपेक्षाच ठेवू नका.

एलएम३८६ वर ऑप-अँपची सवय चालवू नका. त्याचा गेन आतच २० ला बांधलेला असतो. पिन १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरॅड टाकला की २०० होतो. आउटपुटपासून इनपुटला रेझिस्टर लावला तरी ऑप-अँपचं गेनचं सूत्र इथे तसंच लागू होत नाही. त्याचं आउटपुट सप्लायच्या निम्म्यावर उभं असतं, म्हणून स्पीकरच्या आधी २२० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर हवाच, नाहीतर ९ व्होल्टच्या बॅटरीवर साडेचार व्होल्ट डीसी थेट कॉइलवर. इनपुटला मात्र तो ग्राउंडवरचा सिग्नल चालवून घेतो. ७४१ ला एका बॅटरीवर चालवताना तेच केलंत तर निम्मी लहर कापली जाते. तिथे दोन रेझिस्टर लावून इनपुटला सप्लायच्या निम्मं व्होल्टेज बनवून द्यावं लागतं.

पीएएम८४०३ सारख्या छोट्या अँप बोर्डात स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. त्यातली एकही ग्राउंडला टेकवायची नाही. टीडीए२०३० चा धातूचा टॅब आतून मायनस सप्लायला जोडलेला असतो. ड्युअल सप्लायवर (प्लस आणि मायनस दोन्ही) हीटसिंक चासिसला लागणार असेल तर मध्ये मायकाची चकती आणि स्क्रूला इन्सुलेटिंग बुश हवाच.

मग ऑप-अँपची जागा कुठे? प्रीअँप, टोन कंट्रोल, मिक्सर. तिथेही ७४१ कशाला? त्याचा स्लू रेट (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग) ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, त्यामुळे १० व्होल्ट पीकचा सिग्नल ८ किलोहर्ट्झच्या पुढे गेला की त्रिकोणी व्हायला लागतो. एनई५५३२ किंवा टीएल०७२ हा ऑप-अँप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मागा, स्वस्तात मिळतो.

ड्युअल सप्लायचा अँप पहिल्यांदा चालू करताना स्पीकर लावू नका. इनपुट शॉर्ट करा, मल्टिमीटर डीसीवर ठेवा आणि आउटपुट ते ग्राउंड मोजा. दहा-वीस-तीस मिलिव्होल्ट असतील तर ठीक. व्होल्टमध्ये आकडा दिसला तर आधी फीडबॅकचे रेझिस्टर आणि दोन्ही सप्लाय तपासा, आणि पहिली चाचणी जुन्यापुराण्या स्पीकरवरच करा.