चांगलं खाऊनही अंगी लागत नाही? या चुका टाळा

आमच्या आत्याचं हिमोग्लोबिन ९ वर आलं, तेव्हा घरात सगळ्यात आधी काय आलं असेल, तर बीट. दोन महिने रोज सकाळी पेलाभर रस. पुन्हा तपासलं तर काटा जागचा हलला नव्हता. लाल रस प्यायला की रक्त वाढतं, हा हिशेब शरीराला मान्य नाही. १०० ग्रॅम बिटात लोह साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बाईची रोजची गरज आहे २९ मिलिग्रॅम. हा आकडा एवढा मोठा का? कारण भाजी-धान्यातलं लोह पोटात गेलं तरी त्यातलं थोडंसंच रक्तापर्यंत पोचतं, हे त्यात धरलेलं आहे.

आत्याची खरी चूक बिटात नव्हतीच. ती होती पानावरून उठल्या उठल्या लागणाऱ्या चहात.

जेवणावर चहा

चहातली तुरट द्रव्यं आतड्यात लोहाला धरून ठेवतात. जेवणासोबत घेतलेला एक कप त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून कमी करू शकतो. म्हणजे मेथी निवडण्यात गेलेला अर्धा तास एका कपात बुडाला. चहा सोडायची गरज नाही, तास-दीड तास मागे सरकवा. उलट काम करतं क जीवनसत्त्व: ते लोहाला विरघळेल अशा रूपात आणतं. म्हणून पानात डावीकडे लिंबाची फोड वाढणाऱ्या आपल्या आज्या काही चुकत नव्हत्या. फक्त लिंबू उकळत्या आमटीत पिळू नका, उष्णतेनं क जीवनसत्त्व नासतं. पानात वाढल्यावर पिळा.

मटकी, मूग मोड आणून खाण्यातही हेच गणित आहे. कडधान्यातलं फायटिक आम्ल लोह आणि झिंक अडवून धरतं. मोड आले की ते कमी होतं, आणि कोरड्या दाण्यात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. नाचणीचं आंबील आंबवण्यातही अडथळा असाच कमी होतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दोन्ही चालू असतील तर एकदम गिळू नका, एक सकाळी, एक रात्री. आत्या दोन्ही दुधासोबत घ्यायची!

पातळ वरणाला प्रथिनं समजणं

कोरड्या तूरडाळीत १०० ग्रॅमला २० ते २२ ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण वाटीभर वरणात डाळ पडते २०-२५ ग्रॅम. म्हणजे हाती आली ५ ग्रॅम. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास लागतात. बाकीची कुठून येणार? घट्ट वरण, उसळ, पिठलं, ताक-दही, मूठभर शेंगदाणे, चालत असतील तर अंडी, मासे.

भात आणि गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात. वरणभात एकमेकांची उणीव भरतो. एकाच घासात जमायला हवं असं मात्र नाही, दिवसभरात दोन्ही आलं तरी शरीर जुळवून घेतं. साबुदाण्याचं काय विचारता! तो जवळपास निव्वळ स्टार्च. उपासाच्या खिचडीत जी काही प्रथिनं असतात ती दाण्याच्या कुटाची, तेव्हा कूट टाकताना हात आखडू नका.

तेल पूर्ण बंद

वजन वाढलं की पहिली कुऱ्हाड फोडणीवर. स्निग्ध पदार्थात ग्रॅमला ९ कॅलरी, प्रथिनं-कर्बोदकांत ४, त्यामुळे तेल मोजून वापरणं योग्यच. पण अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाशिवाय नीट शोषली जात नाहीत. गाजराची कोशिंबीर नुसती मीठ-लिंबू घालून खाल्ली, तर त्यातलं बीटा कॅरोटिन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य, बरंचसं तसंच बाहेर जातं. वरून चमचाभर तेलाची फोडणी आणि दाण्याचं कूट घाला.

सोडा आणि फेकलेलं पाणी

छोले लवकर शिजावेत म्हणून सोडा टाकला की थायमिन, म्हणजे ब१, नासतं. रात्रभर भिजवा, कुकर लावा. भाजी उकळून पाणी ओतून दिलं तर ब आणि क त्या पाण्याबरोबर मोरीत. तेच पाणी आमटीला वापरा.

ब१२ भाजीत शोधणं

हे जीवनसत्त्व पालकात नाही, कडधान्यात नाही, मोडांतही नाही. शाकाहाऱ्यांना ते दूध-दह्यातून थोडंफार मिळतं. यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून कमतरता उशिरा उघडी पडते: पायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर शोषण आणखी घटतं. अशा वेळी रक्त तपासून घ्या. स्वतःच्या मनानं नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू नका. त्यानं हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं, पण ब१२ची कमतरता तशीच राहते आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.