मॅच बघायला कोल्हापूरला जाताय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला कोल्हापूरकर गणपतीला गावी येतो, दिवाळीला येतो, लग्नकार्य तर चुकवतच नाही. पण शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीची, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या संघाची, फुटबॉल मॅच शेवटची कधी बघितली, असं विचारलं की बरेच जण आठवत बसतात. शनिवार-रविवार जोडून आले, तेव्हा मॅच नव्हती. मॅच होती, तेव्हा पाहुण्यांना घेऊन पन्हाळ्यावर अडकले होते. किंवा स्टेडियमच्या दारात पोचले आणि चुलतभावाचा फोन आला, "मॅच काल झाली की रं!"

माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांचं असं झालंय. कारण बहुतेक वेळा एकच असतं. सहल आधी ठरते आणि मॅच तिच्यात कुठेतरी बसवली जाते. हा क्रम बदलला, तर पुढचे निम्मे घोटाळे होतच नाहीत.

पावसाळ्यात येऊन मॅच शोधणं

कोल्हापूरला यावं असं बाहेरच्यांना सगळ्यात जास्त वाटतं ते जुलै-ऑगस्टमध्ये. राधानगरी, दाजीपूर, आंबोलीचा रस्ता सगळं हिरवंगार असतं. पण तेव्हा फुटबॉल नसतो. हंगाम साधारण दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या लीगने सुरू होतो. लीगनंतर एकामागोमाग एक चषक स्पर्धा लागतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत चालतात. धबधबे आणि फुटबॉल एकाच सहलीत जमत नाहीत. त्यासाठी दोन वेगळ्या वेळा काढाव्या लागतात.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याने किंवा बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्याने डिसेंबर ते फेब्रुवारीतली लीग गाठावी. हवा चांगली असते. शिवाय लीगमध्ये एक मॅच हरली तरी संघाचा पुढचा सामना असतोच. चषक स्पर्धा बाद पद्धतीने होतात. तुम्ही उपांत्य फेरीच्या हिशेबाने रजा टाकायची आणि संघ पहिल्याच सामन्यात टायब्रेकरवर बाहेर जायचा, हे दर हंगामात कुणाच्या तरी वाट्याला येतंच.

"रविवारी मॅच असतेच की" या भरवशावर निघणं

मॅच असेल, पण तुमच्या संघाची असेल का? वरिष्ठ गटात सोळा संघ आहेत. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, फुलेवाडी, जुना बुधवार, संध्यामठ अशी नावं प्रत्येक कोल्हापूरकराला तोंडपाठ असतात. दिवसाला साधारण दोन सामने धरले तर शनिवार-रविवार मिळून जास्तीत जास्त आठ संघ मैदानात उतरतात. उरलेले आठ घरी. म्हणजे डोळे झाकून आलात तर निम्म्या वेळा आपली पेठ खेळताना दिसणार नाही.

वेळापत्रक जाहीर झालं तरी ते बदलू शकतं, हेही धरून चाला. इथे सामना फक्त मैदानावर आणि पंचांवर अवलंबून नसतो. पोलीस बंदोबस्त मिळाला तरच तो होतो, विशेषतः दोन मोठ्या संघांची गाठ असेल तेव्हा. निवडणूक, मोठ्या नेत्याचा दौरा, सण-उत्सव आले की पोलीस तिकडे गुंततात आणि सामना पुढे जातो. चैत्र पौर्णिमेच्या आसपास जोतिबाची यात्रा असते. त्या दिवसांत शहरात पाय ठेवायला जागा नसते आणि सगळी यंत्रणा डोंगरावर असते. त्या आठवड्यात मॅचचा बेत आखू नका. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी हे अंबाबाईच्या किरणोत्सवाचे, म्हणजे मावळतीची किरणं मूर्तीवर पडण्याच्या सोहळ्याचे दिवस असतात. तेव्हा फुटबॉल चालू असेल, पण मंदिरासमोरच्या महाद्वार रोडच्या आसपास राहायला खोली मिळणं अवघड जातं.

उपाय साधा आहे. तालमीत रोज बसणाऱ्या एका माणसाचा नंबर जवळ ठेवा. बातमी छापून येण्याआधी त्याला माहीत असतं. शुक्रवारी दुपारी एक फोन करा आणि थेट विचारा, "उद्या नक्की आहे न्हवं?" तो "आहे" म्हणाला की बॅग भरा.

तिकिटाचा घोळ

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि सामन्यांची तारीख कळते जेमतेम काही दिवस आधी. त्यामुळे तारीख कळल्यावर मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढायला बसलात तर प्रतीक्षा यादीच नशिबी येते. ज्यांना खरोखर यायचंय ते हंगामातल्या दोन-तीन शनिवार-रविवारची तिकिटं आधीच काढून ठेवतात आणि नको असलेली वेळेत रद्द करतात. थोडे पैसे कापले जातात, पण आयत्या वेळच्या खासगी बसच्या भाड्यापुढे ते काहीच नाहीत. महालक्ष्मी दोन्ही बाजूंनी रात्रीची आहे, हा मुंबईकरांचा मोठा फायदा. शनिवारी सकाळी कोल्हापुरात उतरायचं, रविवारची दुसरी मॅच संपवून निवांत स्टेशन गाठायचं आणि सोमवारी सकाळी मुंबईत. दिवसाची कोयना या कामाची नाही. तिने आलात तर अख्खा शनिवार गाडीतच जातो.

पुण्याहून येणारे गाडी काढतात आणि तिथेच फसतात. अंतर २३० किलोमीटरच्या आसपास. पूर्वी लोक चार तासांत यायचे आणि तोच आकडा अजून डोक्यात घट्ट बसलाय. सातारा ते कागल रस्ता रुंदीकरणाची कामं गेली काही वर्षं सुरू आहेत, कराडजवळ वळणरस्ते आहेत. त्यात शनिवारी सकाळी अर्धं पुणं महाबळेश्वरला निघालेलं असतं. खेड-शिवापूरचा टोलनाका आणि खंबाटकी घाट या दोन ठिकाणीच दीड-दोन तास जाऊ शकतात. सकाळी आठला निघून दुपारच्या मॅचला पोचू, हा हिशेब धरू नका. शुक्रवारी रात्री निघा, नाहीतर शनिवारी पहाटे पाचच्या आत घाट ओलांडा. चालवायचा कंटाळा असेल तर स्वारगेटहून एसटी आहेच.

मॅचच्या दिवशी सगळं कोल्हापूर उरकायला जाणं

सकाळी अंबाबाई, मग पन्हाळा, येताना जोतिबा, दुपारी तांबडा-पांढरा आणि संध्याकाळी मॅच. असा बेत कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात मॅच बुडते, कारण सामने संध्याकाळचे नसतात. पहिला साधारण दुपारी दीड-दोनला आणि दुसरा चारच्या सुमारास लागतो. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आहे, पण रविवारी तिथून खाली उतरायला किती वेळ लागेल हे कुणी सांगू शकत नाही.

मॅचच्या दिवशी पेठांच्या बाहेर जाऊ नका, एवढा एक नियम पाळा. पहाटे अंबाबाईचं दर्शन घ्या, तेव्हा रांगही लहान असते. मग मिसळ खा, पण लवकर. नावाजलेल्या ठिकाणी दुपारपर्यंत कट संपलेला असतो. मटणाचं ताट मात्र रात्रीसाठी ठेवा. दुपारी बाराला तांबडा-पांढरा ओरपून मार्चच्या उन्हात दगडी पायऱ्यांवर बसणं कुणालाही झेपत नाही. मधल्या वेळात खासबाग मैदान बघून घ्या. शाहू महाराजांनी उभारलेलं हे कुस्तीचं मैदान मुलांना दाखवलंत की कोल्हापूरचे फुटबॉल संघ 'तालीम मंडळ' का म्हणवतात ते वेगळं समजवावं लागत नाही. तांबड्या मातीच्या आखाड्यांभोवती जमलेली पोरंच पुढे चेंडूच्या मागे लागली. रात्री मटण झालं की गंगावेशीत धारोष्ण दूध.

पन्हाळा, नृसिंहवाडी, खिद्रापूर हे दुसऱ्या दिवसाचं काम. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर घाईत बघण्यासारखं नाहीच, त्याला अख्खी सकाळ द्या.

स्टेडियममध्ये गेल्यावर

कुठेही बसू नका. प्रत्येक पेठेच्या समर्थकांच्या जागा ठरलेल्या आहेत. बाहेरून आलेला मित्र किंवा जावई चुकून दुसऱ्या बाजूला बसला आणि भलत्याच गोलवर टाळ्या वाजवून मोकळा झाला, तर त्याच्यावर नजरा वळतात. लहान मुलं, घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर कट्टर समर्थकांच्या घोळक्यापासून लांब, बाहेर पडायच्या वाटेजवळ बसा. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असेल तर मुलांची ही पहिली मॅच नसावी, असं मी आग्रहाने सांगेन. ती मॅच म्हणजे मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ समोरासमोर. सवय नसलेल्या सहा वर्षांच्या पोराला तो आवाज घाबरवतो आणि मग ते पुन्हा यायला तयार होत नाही. आधी एखादी साधी लीग मॅच दाखवा.

टोपी आणि पाणी हवंच. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस दुपारनंतर अचानक येतो, खेळ थांबतो, कधी सामना दुसऱ्या दिवसावर जातो. तेव्हा परतीची गाडी मॅच संपल्यावर तासाभरातली ठेवू नका. बाद फेरीत टायब्रेकर आणि त्यानंतर सडनडेथ लागली तर तो तासही पुरत नाही.

सामना पुढे गेला तर

चरफडत परत फिरू नका. सकाळी गांधी मैदान, पेटाळा किंवा दुधाळीवर जा, तिथे पोरं सरावाला असतात. स्टेडियमच्या पायरीवरून जो पाय फक्त लांबून दिसतो, तो इथे दोन हातांच्या अंतरावरून चेंडू थांबवताना दिसतो. कुठल्या पोराचे बूट फाटलेत, कोण रात्रपाळी करून थेट सरावाला आलाय, हेही इथेच कळतं. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो याच शहराचा. मुलांना त्या मैदानाच्या कडेला अर्धा तास उभं करा. घरी परत गेल्यावर मेस्सीच्या जोडीला त्यांच्या तोंडी आपल्या पेठेतलंही एखादं नाव येईल.

बऱ्याच वर्षांनी आलेले काही जण "आता काय, संघात नायजेरियन खेळाडू आलेत, आपलं काही राहिलं नाही" म्हणून पाठ फिरवतात. मला हे पटत नाही. परदेशी आणि परजिल्ह्यातले खेळाडू आले, खेळाचा वेग वाढला आणि पेठेतल्या पोरांना त्यांच्याशी टक्कर द्यावी लागली. एकदा पूर्ण सामना बघा आणि मग ठरवा.

लांबून भांडण पेटवणं

आतापर्यंतच्या चुकांमध्ये नुकसान तुमचं होतं. या चुकीत ते दुसऱ्याचं होतं, म्हणून हिच्यावर थोडं जास्त लिहितो.

बरेच सामने आता यूट्यूबवर थेट दिसतात. पुण्यात, दुबईत, जिथे असाल तिथे बसून बघता येतात, ही फार चांगली सोय झाली आहे. पण मॅच संपली की स्टेटस सुरू होतात. समोरच्या पेठेला डिवचणारे फोटो, जुन्या पराभवांची आठवण, कुणाच्या तरी आईबहिणीचा उद्धार. लिहिणारा हिंजवडीत सोफ्यावर असतो. ते वाचून चिडलेली पोरं मात्र एकमेकांपासून दोन गल्ल्यांवर राहतात. कोल्हापुरात सामन्यानंतर दगडफेक झाली आहे, गाड्या फुटल्या आहेत, पोरांवर गुन्हे दाखल झाले आहेत. विशीतल्या पोरावर गुन्हा नोंद झाला की नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो अडकतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराचं तर सगळंच थांबतं. संघावर कारवाई झाली की ज्यांनी एक शब्दही उच्चारला नाही ते खेळाडू सामन्यांना मुकतात.

म्हणून बाहेर राहणाऱ्यांना कळकळीचं सांगणं आहे. जिंकल्यावर आपल्या पोरांचे फोटो टाका, गोलची क्लिप टाका, गोलरक्षकाचं नाव घेऊन कौतुक करा. समोरच्या पेठेबद्दल एक ओळही नको. तालमीच्या ग्रुपवर कुणी चिथावणी देत असेल तर वयाने मोठे म्हणून तुम्ही त्याला थांबवा. बाहेर राहणाऱ्या, शिकलेल्या, चार पैसे कमावणाऱ्या माणसाचा शब्द पोरं ऐकतात. तुम्ही गप्प राहिलात तर ती त्याला मूकसंमती समजतात.

संघासाठी लांबून काही करायचंच असेल तर हंगामाच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये, तालमीत फोन लावा. बूट, जर्सी, सरावाचे चेंडू, दुखापत झालेल्याची फिजिओथेरपी असे खर्च तेव्हा समोर उभे असतात आणि वर्गणी मात्र बहुतेकांना अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी द्यायची असते. रक्कम थेट मंडळाच्या खात्यावर भरा, पावती मागा आणि ती कशासाठी आहे ते स्पष्ट सांगा. 'चौदा वर्षांखालच्या पोरांच्या बुटांसाठी' असं सांगितलंत तर तालमीतले लोक ती त्यासाठीच वापरतात आणि बूट घातलेल्या पोरांचा फोटोही पाठवतात.