मासळीचा सामूहिक दावा कसा तयार करायचा

मी आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला, महादेव कोळी. नोकरी पुण्यात, म्हणून कलेक्टर कचेरीचे हेलपाटे गावाने माझ्याच गळ्यात घातलेत. जंगलातल्या ओढ्या-डोहांच्या मासळीवर गावाला वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक हक्क मागता येतो. धरणाच्या पाण्याचं वेगळं. तिथे मच्छीमारांची सहकारी सोसायटी काढून ठेका घ्यावा लागतो. डिंभे धरणाच्या विस्थापितांनी ते करून दाखवलं, त्यांच्या पाठीशी असलेल्या शाश्वत संस्थेला २०१२ मध्ये इक्वेटर पुरस्कारही मिळाला.

फॉर्म नंतर भरा, आधी माहितगार गाठा. गावात कातकऱ्यांची घरं असतील तर पहिले तिथे जा. मासा त्यांना कळतो तेवढा आम्हाला नाही, आणि ग्रामसभेत मात्र त्यांना कुणी बोलू देत नाही. पहिला मोठा पाऊस झाला की त्यांच्यासोबत ओढ्याने चाला. चढणीचा मासा, म्हणजे विणीसाठी प्रवाहाविरुद्ध चढणारा, कुठून वर येतो, मरळ पिल्लं कुठे राखते, वांब (सापासारखा लांब मासा) कुठल्या कपारीत, कुठला डोह मे महिन्यातही आटत नाही, देवाचा म्हणून कुठे जाळं टाकत नाहीत, हे जागेवरच विचारा. ओट्यावर बसून विचारलंत तर "आसतंय की समदीकडं" एवढंच ऐकाल. बायांशी वेगळं बोला. खेकडे आणि बारीक मासळी त्यांच्या हातची.

यातूनच नियम निघतात. चढणीच्या दिवसांत ओढा आडवून जाळं लावायचं नाही, सुरुंगाची दारू नाही, ब्लीचिंग पावडर नाही. जुनं तेवढं सगळं चांगलं असंही नाही. मासा गुंगवायला गेळाची फळं कुटून पाण्यात टाकायची का, यावर सभेत भांडण होऊ द्या. विणीच्या नेमक्या जागा मात्र दाव्याच्या नकाशात दाखवू नका. तो कागद कुणाच्याही हाती पडतो.

दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. थोरांचा लेखी जबाब त्यात चालतो, पण जबाब देणारा स्वतः दावेदार नसावा. दावा अख्ख्या गावाचा, म्हणून शेजारच्या गावातला म्हातारा गाठा. ग्रामसभेला निम्मे सभासद हवेत, हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बाया. त्यानंतर कागद प्रांताधिकाऱ्यांच्या समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे. दर ठिकाणी पोच घ्या.

नियम पाळले जावेत म्हणून नेमाल त्या राखणीच्या समितीत रात्री पावसात ओढ्यावर जाणारी माणसं घ्या. दंडही आधीच ठरवून ठेवा, कारण पहिला सापडतो तो बहुधा समितीतल्याच कुणाचा तरी भाचा असतो.