वेबसाइटसाठी सीएमएस कुठला घ्यायचा? बेळगाव भागातल्या दुकानदार, शाळा नि मंडळांसाठी

आमच्याकडं वेबसाइटचा विषय निघाला की लगेच कुणीतरी म्हणतंय, "वर्डप्रेस टाक की, विषय संपला." बरेचदा ते बरोबरही असतंय, पण का बरोबर ते कुणी सांगत नाही, आणि मग खानापूरच्या शाळेला आणि शहापूरच्या साडीवाल्याला एकच औषध दिलं जातं.

सीएमएस म्हणजे कोड न लिहिता, लॉगिन करून साइटवरचा मजकूर, फोटो, मेनू बदलायची सोय, एवढंच; वर्डप्रेस हा त्यातलाच एक. त्यामुळं निवडताना सॉफ्टवेअरपासून सुरुवात करू नका, माणसापासून करा. साइट चालू झाल्यावर तिच्यात हात कोण घालणार? शाळेचा क्लार्क, मंडळाचे सेक्रेटरी, का दुकानदाराची कॉलेजला जाणारी भाची? साइट करून देणारा पोरगा उद्या पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरीला जाणार हे धरूनच चला, म्हणजे त्याला काय सोपं जातंय याला फार किंमत नाही. जो रोज वापरणार त्याच्या हातात मोबाईल द्या आणि सांगा, एक नोटीस टाक, त्यात एक फोटो लाव, नंतर तारीख बदल. वर्डप्रेस प्लेग्राउंड म्हणून एक साइट आहे, तिथं ब्राउझरमध्येच वर्डप्रेस चालू होतं, हॉस्टिंग (साइट ठेवायला भाड्यानं घेतलेली इंटरनेटवरची जागा) नको, पैसे नको (तिथलं काम टिकेल असं मात्र धरू नका, ते नुसतं हात बसवायला). माणूस अडकला तर कुठं अडकला ते बघा. वर्डप्रेसचा डॅशबोर्ड, म्हणजे लॉगिन केल्यावरचा कामाचा पडदा, मराठीत आणि कन्नडमध्येही करता येतो, तेवढ्यानंच कधी कधी काम होऊन जातंय.

दुसरा प्रश्न भाषांचा, आणि आपल्या भागात हाच सगळ्यात मोठा. पुण्यातल्या दुकानाचं मराठी-इंग्रजीत भागतं, इथं बेळगाव, निपाणी, चिकोडीकडं मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लागतात. राजकारण बाजूला ठेवा हो, गिऱ्हाईक कुठल्या भाषेत शोधतंय तेवढं बघा. नुसती तीन पानं वेगवेगळी केली की काय होतंय, कुंद्याचा भाव मराठी पानावर बदलला जातो आणि कन्नड पानावर जुनाच राहतो, मग गिऱ्हाईक दुकानात येऊन मोबाईल दाखवतंय. म्हणून तिन्ही भाषांतली पानं एकमेकांना जोडून ठेवणारी सिस्टीम पाहिजे. वर्डप्रेसमध्ये ही सोय मुळात नाही, प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकावं लागतं. त्यातल्या पॉलीलँगच्या फुकट आवृत्तीत शाळा-मंडळाचं काम आरामात होतं, पण वूकॉमर्सचं (वर्डप्रेसवर विक्री करायचं प्लगइन) दुकान बहुभाषिक करायचं तर त्याचं वेगळं पैसेवालं ॲड-ऑन लागतं. डब्ल्यूपीएमएल हे तसलंच दुसरं प्लगइन तर सगळंच पैशाचं. जुमला आणि ड्रुपल या दुसऱ्या सीएमएसमध्ये मात्र अनेक भाषांची सोय आतच असते, ड्रुपलमध्ये ती आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2015 पासून, चांगलीच पक्की झाली.

मग ड्रुपलच का नाही? कारण ते सांभाळायला जाणता माणूस लागतो. ड्रुपल 7 वापरणाऱ्यांना विचारा, त्याचा सपोर्ट 5 जानेवारी 2025 ला संपला आणि पुढच्या आवृत्तीवर जायचं म्हणजे साइट जवळजवळ नव्यानं बांधायची. मोठी संस्था असेल, पाच-पन्नास जणांना वेगवेगळे अधिकार द्यायचे असतील, तर ठीक. गल्लीतल्या वाचनालयाला काय करायचंय ते. जुमला मधलं आहे, वाईट नाही, पण त्यातलं काम करून देणारा इथं चटकन मिळेल का ते आधी चौकशी करा.

ज्यांना फक्त पत्ता, वेळ, फोन आणि चार फोटो पाहिजेत त्यांनी गूगल साइट्स नाहीतर ब्लॉगर घ्यावं, फुकट आहे, ब्लॉगरला स्वतःचं डोमेनही (साइटचं स्वतःचं नाव-पत्ता) जोडता येतं. तीन भाषा आल्या की मात्र ब्लॉगर अपुरं पडतं. शॉपिफाय या तयार ऑनलाइन दुकानाच्या सेवेवर दुकान लवकर उभं राहतं, पण दर महिन्याचं भाडं, आणि त्यांचं स्वतःचं पेमेंट भारतात नसल्यानं बाहेरचं गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची सेवा) जोडलं की त्याच्या कमिशनवर शॉपिफायचीही फी बसते. महिन्याला दहा-बारा साड्या जाणार असतील तर आधी कागदावर हिशोब मांडा. विक्स ही साइट बनवायची तयार सेवा दिसायला छान, पण तिथली आख्खी साइट उचलून दुसरीकडं नेता येत नाही, मला तरी हे पटत नाही.

आता कुठल्याही सीएमएसमध्ये येणारी भानगड, डीटीपीचा, म्हणजे छापखान्यासाठी कॉम्प्युटरवर टाइप केलेला, मजकूर. आपली पत्रकं, अहवाल, स्मरणिका सगळं श्रीलिपीत नाहीतर कन्नड असेल तर जुन्या नुडीत टाइप केलेलं असतं. ते फॉन्ट युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटर-मोबाईलवर चालणारी अक्षरांची पद्धत) नाहीत, आत इंग्रजी अक्षरांचेच कोड, वरून फॉन्ट देवनागरी नाहीतर कन्नड दाखवतो. तो मजकूर एडिटरमध्ये पेस्ट केला की चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. मग लोक वैतागून पत्रकाचा फोटोच टाकतात, तो मोबाईलवर वाचता येत नाही आणि गूगलला नीट सापडतही नाही. कन्व्हर्टर मिळतात, ते वापरा, पण नंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालाच. थीम, म्हणजे साइटचा तयार साज, घेतानाही इंग्रजी डेमो बघून भुलू नका, आपला एक मराठी आणि एक कन्नड परिच्छेद टाकून बघा, वेलांट्या वरच्या ओळीला चिकटतात का, कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर) खाली कापले जातात का. मुक्ता फॉन्ट मराठीला झकास आहे पण त्यात कन्नड नाही, नोटोमध्ये दोन्ही मिळतात.

अजून एक वर्डप्रेसची खोड. शीर्षक मराठीत लिहिलं की लिंकही मराठीत होते, आणि आत देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, नऊ अक्षरांचं होतं. मर्यादा 200 ची. म्हणजे "बेळगावचा कुंदा घरपोच मिळेल" एवढं साधं शीर्षकसुद्धा लिंकमध्ये शेवटी तुटतं, आणि व्हॉट्सॲपवर टाकलं की टक्क्यांच्या खुणांची शेपटी. लिंक दरवेळी हातानं रोमन लिपीत छोटी लिहा, पब्लिश करायच्या आधीच, नंतर बदलली तर आधी फिरलेल्या लिंका मोडू शकतात.

काम देताना डोमेन आणि हॉस्टिंग तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर घ्यायला सांगा, ॲडमिनचा पासवर्ड पहिल्या दिवशी मागा. दुसऱ्या वर्षाचं हॉस्टिंगचं बिल किती येणार ते आत्ताच विचारा, पहिल्या वर्षीची सवलत बघून हुरळू नका. पैसेवाली थीम कुणी फुकटात टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा, चोरीच्या थीममधून साइटमध्ये काय काय शिरतं ते सहा महिन्यांनी कळतंय. बॅकअप कुठं ठेवणार ते लिहून घ्या, आणि पैसे चुकते करायच्या आधी तो बॅकअप एकदा परत चढवून दाखवायला लावा.